आयटीकडे वळताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

आयटीत शिरायचं तर काय शिकावं, याबद्दल नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांनी ‘कोणता कोर्स करू?’ असंच विचारलं आहे. उत्तर देताना आम्ही आधी पत्र लिहिणारी व्यक्ती आज कोणतं काम करते ते पाहिलं. कोर्स त्यावरून ठरायला हवा.

मी बी.कॉम. आहे. सहा वर्षं एका कर सल्लागारांकडे टॅली आणि जीएसटीचं काम करते. एका क्लासने सहा महिन्यांचा ‘फुल स्टॅक’ कोर्स सुचवला आहे. करू का?
— एक वाचक, इंदिरानगर

आत्ता नको. फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटची दर्शनी बाजू, मागचा सर्व्हर आणि डेटाबेस, असं तिन्ही. सहा महिन्यांत तिन्हींची तोंडओळख होते, पण मुलाखतीच्या रांगेत चार वर्षं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेली मुलं असतात आणि तिथे तुमच्या सहा वर्षांच्या अनुभवाला कुणी विचारत नाही. डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये मात्र तोच अनुभव तुमचं भांडवल होतो. बिल, क्रेडिट नोट, इनपुट क्रेडिट म्हणजे काय हे कळणारा माणूस तिथे लागतोच.

क्रम असा ठेवा : एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख आणि अहवाल करायचं साधन) आणि सगळ्यात शेवटी थोडं पायथन, ही प्रोग्रामिंगची भाषा. नोकरी सांभाळून रोज दोन तास मिळत असतील, तर एक्सेलला महिना, एसक्यूएलला दोन महिने आणि पॉवर बीआयला सव्वा महिना धरा. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, एक्सलुकअप आणि पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करायची सोय) पक्कं करा. पॉवर क्वेरी पुढे पॉवर बीआयमध्ये तशीच्या तशी उपयोगी पडते, म्हणून तिथे घाई करू नका.

एसक्यूएलसाठी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस घ्या, तो मोफत आहे. सिलेक्ट, ग्रुप बाय वगैरे आठवड्याभरात जमतं. खरी अडचण जॉइनपाशी, म्हणजे दोन टेबलं जोडताना, येते. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवणारा) लावायचा आणि उजव्या टेबलच्या रकान्यावर व्हेअरमध्ये अट टाकायची, ही नवशिक्यांची हमखास चूक. त्या अटीमुळे न जुळलेल्या ओळी गळून जातात आणि लेफ्ट जॉइन लावून न लावल्यासारखाच होतो. अट जॉइनच्या ‘ऑन’मध्ये हवी. दुसरी चूक बेरीज फुगण्याची. ज्या रकान्यावर जोडलं त्यातली तीच नोंद समोरच्या टेबलमध्ये दोनदा असेल, तर रक्कमही दोनदा मोजली जाते. म्हणून प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावा. आणि नल म्हणजे माहितीच नसणं, शून्य नव्हे, रिकामा मजकूरही नव्हे. ‘बरोबर नल’ ही तुलना कधीच खरी ठरत नाही, ‘इज नल’ असंच लिहावं लागतं.

आता प्रकल्प. विमान कंपनीचा किंवा आयपीएलचा डेटा इंटरनेटवरून उतरवून त्याचे आलेख काढू नका, तसे शेकडो अर्ज येतात. तुम्ही खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) यांचा ताळमेळ एसक्यूएलमध्ये बसवा. अशिलांचा डेटा मात्र अजिबात वापरायचा नाही. तीनशे काल्पनिक बिलं तयार करा आणि रोज दिसणाऱ्या चुका त्यात मुद्दाम पेरा : बिल नंबरमध्ये कुठे तिरकी रेघ कुठे आडवी, सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्लेली, मागे अदृश्य स्पेस, रकमेत एका रुपयाचा फरक. जोडताना फक्त बिल नंबरवर जोडू नका. दोन पुरवठादारांचा नंबर एकच असू शकतो आणि एप्रिलमध्ये तो पुन्हा एकपासून सुरू होतो. त्यामुळे जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक), स्वच्छ केलेला बिल नंबर आणि आर्थिक वर्ष अशी तिहेरी किल्ली लागते. जीएसटीआयएन १५ अक्षरी आहे ना, पहिले दोन अंक राज्याचा कोड आहेत ना (महाराष्ट्राचा २७), पुढची दहा अक्षरं पॅनच्या साच्यात बसतात ना, हेही तपासा. उत्तर चार गटांत यायला हवं : जुळलेली बिलं, फक्त रजिस्टरमधली, फक्त २बीमधली आणि दोन्हीकडे असून रक्कम वेगळी असलेली. यासाठी फुल आउटर जॉइन (दोन्हीकडच्या न जुळलेल्या ओळीही ठेवणारा) लागतो. तो मायएसक्यूएलमध्ये नाही, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे, म्हणून वर तेच सुचवलं.

पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. ऑनलाइन प्रसिद्ध करायला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल मागतं, जीमेल चालत नाही. त्यामुळे मूळ फाइल आणि स्क्रीनशॉट गिटहबवर, म्हणजे कोड आणि फाइली ठेवायच्या साइटवर, ठेवा. मराठी नावं असलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली आणि भलतीच चिन्हं दिसली, तर फाइल बिघडलेली नसते. डेटा टॅबमधून ती आयात करा आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे. अंबडला पाच वर्षं सीएनसीवर आहे. शिफ्टला कंटाळलो. जावा शिकू की पायथन?
— एक वाचक, सिडको

पायथन. पण तुमच्यासाठी भाषेपेक्षा दिशा महत्त्वाची. सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात कारखान्यांची कमी नाही आणि मशिनवरची माहिती आपोआप संगणकात यावी ही गरज सगळ्यांचीच आहे. कोड येणाऱ्याला मशिन कळत नाही, मशिन कळणाऱ्याला कोड येत नाही. या दोघांमधली जागा तुम्हाला घेता येईल.

आधी नेटवर्किंगचा पाया घाला : आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, पिंग. तीन आठवडे पुरतात. मग मॉडबस, म्हणजे कारखान्यातली उपकरणं एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ती. एनर्जी मीटर, तापमान नियंत्रक, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), पीएलसी (मशिन चालवणारा छोटा संगणक) या सगळ्यांत ती भेटते. सुरुवातीला लॅपटॉपवर मॉडबसचा मोफत सिम्युलेटर चालवा आणि पायथनच्या पायमॉडबस लायब्ररीने त्यातले आकडे वाचा. पुढची पायरी म्हणजे आरएस-४८५ (तारांवरून माहिती नेणारी जोडणी) असलेला एखादा एनर्जी मीटर आणि यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर. मीटरपासून सुरुवात करायचं कारण असं की, वाचताना काही चुकलं तरी उत्पादन थांबत नाही.

इथे अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेला रजिस्टर (उपकरणात आकडा ठेवायचा कप्पा) प्रत्यक्ष मागताना पत्ता ० असतो. एकाचा फरक पडला की शेजारचाच आकडा येतो आणि तो खरा वाटतो, म्हणून मीटरच्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. दशांश आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागलेला असतो. त्यांचा क्रम कंपनीगणिक उलटसुलट असतो, म्हणून २३० व्होल्टऐवजी काहीतरी अचाट संख्या दिसली तर त्या दोन रजिस्टरची अदलाबदल करून बघा. मीटर अजिबात उत्तर देत नसेल तर बॉड रेट (माहितीचा वेग), पॅरिटी (चूक तपासायचा बिट) आणि स्लेव्ह आयडी (मीटरचा क्रमांक) तपासा, मग ए आणि बी तारा उलट जोडून पाहा. लांब केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा, मधल्या उपकरणांना नको. आणि एका आरएस-४८५ लाइनवर मास्टर, म्हणजे माहिती विचारणारा, एकच. आधीच पीएलसी वाचत असेल तिथे दुसरा घुसवला की दोघांचीही माहिती तुटते.

चालू मशिनला मेंटेनन्स विभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. फंक्शन कोड ३ फक्त वाचतो, ६ आणि १६ लिहितात. चुकीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं तर मशिन हलू शकतं आणि माणसाला इजा होऊ शकते. यात सवलत नाही.

आकडे डेटाबेसमध्ये साठवायला लागलात की ओईई, म्हणजे मशिनची एकूण कार्यक्षमता, काढा. ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये ६० मिनिटं मशिन बंद, म्हणजे उपलब्धता ८७.५ टक्के. एका नगाला २ मिनिटं, उरलेल्या ४२० मिनिटांत १८९ नग, म्हणजे वेग ९० टक्के. त्यातले १८० चांगले, म्हणजे गुणवत्ता सुमारे ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ७५ टक्के. हा आलेख ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या साधनात आपोआप दिसू लागला की मुलाखतीत सांगण्यासारखं ठोस काम तुमच्याकडे असेल. सीएनसी कंट्रोलरमधून माहिती काढायला पुढे ओपीसी यूए आणि एमटीकनेक्ट या पद्धती शिकाव्या लागतील. कंट्रोलर फॅनक कंपनीचा असेल तर तिची फोकस लायब्ररी आहे. ही सगळी पुढची गोष्ट, आधी मीटर.

शिफ्ट लगेच सुटेल असं मात्र धरू नका. अशा कामात सुरुवातीला साइटवर जावंच लागतं.

मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्यातला एक क्लास म्हणतो, ‘नोकरी लागल्यावर फी द्या.’ सही करायला बोलावलं आहे. शेतकरी माणूस आहे, काय बघू?
— एक पालक, निफाड

सही त्या दिवशी करू नका. कागद घरी आणा. क्लासने नकार दिला तर तिथेच विषय संपवा.

‘नंतर फी’चे दोन प्रकार असतात. एकात क्लास स्वतः थांबतो आणि पगार सुरू झाल्यावर हप्ते घेतो. दुसऱ्यात मुलाच्या किंवा तुमच्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज काढलं जातं. क्लासला पूर्ण पैसे लगेच मिळतात आणि हप्ते तुमच्या गळ्यात. मुलाने दोन महिन्यांत क्लास सोडला, क्लास बंद पडला, तरी कर्ज उरतंच आणि थकलं की सिबिल बिघडतो. उद्या पीककर्जाला किंवा ट्रॅक्टरला त्याची झळ बसते. ओळखायचं कसं? आधार, पॅन आणि बँक खातं मागून ओटीपी घेतला जात असेल, किंवा खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या ‘नॅच’ फॉर्मवर सही मागत असतील, तर ते कर्ज आहे असं समजून चौकशी करा. कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक दर, एकूण फेड आणि सगळे आकार एकत्र लिहिलेले असतात. तोंडी सांगितलेल्या ‘शून्य व्याजा’शी ते जुळतं का पाहा.

करारात ‘प्लेसमेंट’ची व्याख्या वाचा. किती पगाराची, कोणत्या कामाची, कोणत्या शहरातली नोकरी? कॉल सेंटरची नोकरीही त्यात मोजली आहे का? मुलाने नाकारली तर फी लागू होते का? मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स पुरते. मागच्या बॅचच्या चार मुलांशी स्वतः फोनवर बोला. क्लासने निवडून दिलेल्यांशीच नव्हे, मुलाच्या कॉलेजातून कुणी गेलं असेल तर त्यांच्याशीही.

आमचं मत विचाराल तर दुसऱ्या वर्षाला इतक्या मोठ्या फीची गरज नाही. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे कोर्स फुकट शिकता येतात, फी फक्त परीक्षा द्यायची असेल तरच. एका सत्रात एकच घ्यायचा : आधी पायथन, मग डेटाबेस. आणि पुढे कधी ‘तुमची निवड झाली, लॅपटॉपसाठी डिपॉझिट भरा’ असा फोन आला तर भरू नका. खऱ्या कंपन्या नोकरी देताना पैसे घेत नाहीत. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितकी लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आयटीआयला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) करते आहे. घरचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, फारच हळू. नवा घेणं शक्य नाही. वेब शिकायचं आहे.
— एक विद्यार्थिनी, सातपूर

नवा घ्यायची गरजच नाही. टास्क मॅनेजर उघड आणि डिस्क सतत १०० टक्के दिसते का बघ. दिसत असेल तर आत बहुधा जुनी हार्ड डिस्क आहे. ती काढून २.५ इंची साटा एसएसडी टाकली, २५६ जीबीची, की सगळ्यात मोठा फरक तिथेच पडेल. रॅम ८ जीबी करायची असेल तर आधी डीडीआर३एल आहे की डीडीआर४ ते बघ, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते, म्हणून विकत घेण्याआधी दुकानात उघडून दाखव. डिस्क बदलण्याआधी घरच्यांचे फोटो आणि कागद पेन ड्राइव्हवर काढून घे.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाक. ते हलकं आहे आणि पुढे सर्व्हरवर काम करताना लिनक्सच भेटणार आहे.

शिकताना एचटीएमएल, सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. रिअ‍ॅक्टकडे, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीकडे, लवकर धावू नकोस, जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे, फंक्शन आणि फेच कळल्याशिवाय तिथे नुसती नक्कल होते. पहिलं पान ओळखीच्या दुकानाचं किंवा बचत गटाचं कर, मोबाइलवर नीट दिसेल असं, आणि ते गिटहब पेजेसवर फुकट चढव. गिटहबवर पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) कधी गेली, तर फाइल पुसून भागत नाही, ती जुन्या इतिहासात राहते. ती की लगेच रद्द करून नवी घ्यायची.

कोपानंतर अ‍ॅप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी कर. बऱ्याच आयटी कंपन्यांच्या अर्जात पदवी मागतात. बारावी झाली असेल तर काम करता करता आपल्या नाशिकच्याच मुक्त विद्यापीठातून पदवीला लाग.

बी.ई. कॉम्प्युटर आहे, पण मुलांमुळे नऊ वर्षं घरी होते. टेस्टिंग सोपं असतं म्हणतात. जमेल का?
— एक वाचक, नाशिक रोड

जमेल. सोपं मात्र नाही. फक्त हाताने क्लिक करून तपासण्याच्या जागा कमी होत आहेत, म्हणून त्याच्याबरोबर एसक्यूएल, पोस्टमन या साधनाने एपीआय (प्रोग्रामना सर्व्हरशी बोलायचा दरवाजा) तपासणं आणि प्लेराइट किंवा सेलेनियम या आपोआप तपासणी करणाऱ्या साधनांपैकी एक, एवढं हवंच. तुमचा पाया आहे, रोज तीन तास दिले तर पाच-सहा महिन्यांत होईल.

टेस्टरची नजर कशी असते ते एका रकान्यावर पाहा. फॉर्ममध्ये पिन कोड विचारला आहे. इंग्रजी अंकांत ४२२००१ टाकून चाललं म्हणजे तपासणी झाली नाही. पाच अंक, सात अंक, शून्याने सुरू होणारा (भारतात असा पिन नसतो), मध्ये स्पेस, मागे स्पेस, अक्षरं, रिकामा, ‘४२२००१’ असा देवनागरी अंकांतला, कॉपी-पेस्ट केलेला. शिवाय ब्राउझरने अडवलेला चुकीचा पिन पोस्टमनमधून थेट सर्व्हरकडे पाठवायचा. सर्व्हरने तो घेतला तर तो खरा दोष, आणि तो फॉर्मवर बसून कधीच सापडला नसता.

दोष लिहिताना एका ओळीचं शीर्षक, कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या पायऱ्यांनी, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि स्क्रीनशॉट. ‘सेव्ह होत नाही’ एवढंच लिहिलं तर डेव्हलपर ते परत पाठवतो. सरावासाठी बनवलेल्या डेमो साइटवर असे वीस दोष लिहून काढा आणि तेच अर्जासोबत जोडा. चालू सरकारी किंवा बँकेच्या साइटवर सराव करू नका, विनापरवाना छेडछाड कायद्याने गुन्हा ठरू शकते.

रेझ्युमेत नऊ वर्षं लपवू नका. ‘कौटुंबिक जबाबदारी’ अशी एक ओळ, वर्षांसह, आणि तिच्या वर गेल्या सहा महिन्यांचं काम. करिअर ब्रेकनंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी काही मोठ्या कंपन्या वेगळी भरती करतात, त्यांच्या करिअर पानावर ‘रिटर्नशिप’ शोधा.

इंग्रजी कच्चं आहे. शिवाय आता एआयच कोड लिहितो, मग शिकून उपयोग काय?
— एक वाचक, दिंडोरी

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, पायथन असे कितीतरी विषय मराठी निवेदनात आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे. तिथून सुरू करा. इंग्रजी सगळं एकदम नको, आधी एरर वाचायला शिका. पायथनची लांबलचक एरर आली तर शेवटची ओळ पहिली वाचायची, तिथे काय चुकलं ते असतं. मग वर सरकत आपल्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर शोधायचा. अशा ओळी अर्थासह वहीत उतरवत गेलात तर पन्नासेक शब्दांत रोजचं काम भागतं.

एआयचं म्हणाल तर तो कोड लिहितो हे खरं, पण चुकीचाही लिहितो, नसलेल्या फंक्शनची नावंही ठामपणे देतो. ते ओळखायला स्वतःला यावं लागतं आणि मुलाखतीत ‘ही ओळ का लिहिली?’ हाच प्रश्न येतो. शिकत असताना आधी वीस मिनिटं स्वतः झगडा. मग एआयला उत्तर मागण्याऐवजी ‘माझी चूक कुठे आहे ते मराठीत समजाव, कोड देऊ नकोस’ असं सांगा. समजलं की खिडकी बंद करून तोच कोड न बघता पुन्हा लिहा. अडलात तर त्या जागेचा सराव अजून बाकी आहे.